शालेय सामन्यांतील अपशब्द आणि पंचांचे अधिकार

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम शहरात शालेय सामना सुरू असताना मैदानावर एकाहून अधिक भाषा कानांवर पडू शकतात. तमिळ ही तेथील मुख्य भाषा असली, तरी विणकर समाजातील अनेक घरांत सौराष्ट्री बोलली जाते. तर १८५५ मध्ये संपुष्टात आलेल्या भोसले राजवटीच्या काळात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी तंजावरी मराठी जपली आहे. अशा ठिकाणी पंचांपुढील पहिला प्रश्न शिक्षेचा नसून आकलनाचा असतो.

तमिळमधील ‘डा’ हा प्रत्यय याचे चांगले उदाहरण होय. मित्राला ‘वाडा’ म्हणणे म्हणजे ‘ये रे’ म्हणणे. मात्र हाच प्रत्यय पंचांना उद्देशून वापरल्यास तो उघड अपमान ठरतो. मराठीतील ‘अरे-तुरे’ची गतही अशीच आहे. शब्द तोच, पण ऐकणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

क्रिकेटच्या नियमांनी ही बाब लक्षात घेतली आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या बेचाळिसाव्या नियमात गैरवर्तनाचे चार स्तर ठरविण्यात आले. त्या परिस्थितीत अश्लील किंवा अपमानकारक ठरणारी भाषा पहिल्या स्तरात मोडते. अशा पहिल्या प्रसंगी दिलेली ताकीद एका खेळाडूपुरती मर्यादित नसते, तर उर्वरित सामन्यासाठी संपूर्ण संघाला लागू होते. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यास पाच दंडधावा मिळतात. समोरच्या व्यक्तीला उद्देशून गंभीर स्वरूपाचा अपमान केल्यास ताकिदीची पायरीच राहत नाही. पंचांना शब्दांनी वा हावभावांनी धमकावणे हा तिसऱ्या स्तराचा गुन्हा असून त्यात दंडधावांखेरीज खेळाडूला काही षटके मैदानाबाहेर काढले जाते. शालेय पातळीवर संघाला मिळणारी ताकीद विशेष परिणामकारक म्हणावी लागेल. पंचांचे न ऐकणारा मुलगा आपल्या कर्णधाराचे बहुधा ऐकतो. बाद झाल्यावर स्वतःवरच चिडून पुटपुटणाऱ्या फलंदाजासाठी मात्र कर्णधारामार्फत दिलेली समज पुरेशी असते.

फुटबॉलमध्ये पंचांच्या निर्णयावर शाब्दिक नाराजी व्यक्त केल्यास पिवळे कार्ड, तर शिवीगाळ केल्यास थेट लाल कार्ड दाखविण्यात येते. कबड्डीतही हिरव्या, पिवळ्या आणि लाल कार्डांची व्यवस्था आहे.

पंचांनी शब्द ऐकलाच नाही तर काय होते, हे जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीत दिसून आले. हरभजनसिंग याने अँड्र्यू सायमंड्स याला वर्णद्वेषी शब्द वापरल्याचा आरोप झाला आणि सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्याच्यावर तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नसल्याचे सांगून केवळ शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड ठोठावला. हिंदीतील एका शिवीचा इंग्रजी कानाने भलताच अर्थ लावला असण्याची शक्यता त्यांनी नाकारली नाही.

जातिवाचक शिवीच्या बाबतीत प्रश्न मैदानापुरता राहत नाही. तामिळनाडूत २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर झालेल्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्यीय समिती नेमली. जून २०२४ मध्ये सादर झालेल्या अहवालात विद्यार्थ्यांच्या मनगटावरील जातिदर्शक रंगीत पट्ट्यांवर बंदीची शिफारस करण्यात आली. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी जातीवरून हिणविणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. तो निवाडा पंचांच्या अधिकारकक्षेत येत नाही. त्यांनी खेळ थांबवून नियमाप्रमाणे कारवाई करावी आणि सामन्यानंतर आयोजक व मुख्याध्यापकांकडे लेखी अहवाल द्यावा. ‘जातिवाचक शब्द वापरला’ एवढीच नोंद पुढील चौकशीत फारशी उपयोगी पडत नाही. उच्चारलेला शब्द मूळ भाषेत, जसाच्या तसा लिहावा लागतो. त्याचे भाषांतर नंतरही करता येते.