आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुटी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडीचे भाडे मजुराच्या आवाक्यात आले, आणि ज्या गिरण्यांना अमेरिकेतील यादवीच्या काळात मुंबईने कापूस पुरविला, त्या लँकशायरमधील गिरण्यांची गावे ‘वेक्स’ नामक वार्षिक सुटीत पाळीपाळीने ओस पडून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटू लागली, तेव्हा तेथील घरमालकिणींनी पाडलेला दस्तूर आजच्या प्रवाशालाही ओळखीचा वाटेल. मुक्कामाचे भाडे निराळे, पाहुण्याने बाजारातून आणलेले जिन्नस रांधून वाढण्याची मजुरी निराळी, आणि कित्येक घरांत तर मेजावरील मीठ-मिरीच्या कुप्यांचाही आकार निराळा! घरमालकिणींना उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत वर्षाची बेगमी करणे भाग होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. तथापि वर्षभर काटकसर करून लेकराबाळांना समुद्र दाखवावयास आलेल्या गृहिणीला हिशेबात मिठाचीही बाब वाचावी लागणे, यात खर्चापेक्षा अवमानच अधिक होता.

वेल्समधील बॅरी बेटावर, न्याहारी आटोपताच पाहुण्यांना भर पावसातही दिवसभर घराबाहेर काढले जाते, हे बिली बटलिन याने पाहिले होते. जत्रेतील खेळांच्या धंद्यात मुरलेल्या या गृहस्थाने 1936 साली लिंकनशायरमधील स्केगनेस येथे सुटीची छावणी उघडली आणि निवास, तीन वेळचे भोजन व करमणूक या सर्वांचा मिळून, हंगामाप्रमाणे, आठवड्याला 35 शिलिंगांपासून तीन पौंडांपर्यंत एकच आकार ठेवला. ध्वनिक्षेपकावरून दिनक्रम पुकारणाऱ्या त्या छावणीतील शिस्त अनेकांना जाचक वाटली, आणि तो आक्षेप निराधार नव्हता. परंतु पुढे या छावण्यांत रात्री परिचारिका खोल्यांवरून फेऱ्या घालीत, आणि एखादे मूल रडत असल्यास त्या खोलीचा क्रमांक नृत्यगृहात झळकविला जाई, ही सोय मला तेथील साऱ्या थाटामाटाहून थोर वाटते. कारण तिच्यामुळे आईलाही सुटी मिळाली.

1938 साली ब्रिटिश संसदेने वेतनमंडळांना भरपगारी रजा ठरवून देण्याचा अधिकार देणारा कायदा मंजूर केला, आणि आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुटी ही बटलिनची जाहिरात घरोघर पोहोचली. किनाऱ्यावरील निवासांची तुलना करणाऱ्या कुटुंबवत्सल वाचकाने म्हणूनच, खोलीच्या दराआधी, त्या दरात काय काय अंतर्भूत आहे हे लेखी मागून घ्यावे.