वाटाड्या की पहारेकरी?

मंडळी, आज आपण नेपाळच्या एका नियमाकडे जरा मागे जाऊन पाहू. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाईड बरोबर घेणं तिथे सक्तीचं झालं. लांगटांगचं राष्ट्रीय उद्यान असो की अन्नपूर्णेचं संवर्धन क्षेत्र, 'टिम्स' कार्ड नोंदणीकृत संस्थेमार्फतच काढायचं. शुल्क २००० नेपाळी रुपये, सार्क देशांच्या नागरिकांना १०००. म्हणजे पुण्यामुंबईहून गेलेला आपला ट्रेकरही तिथे परकाच, फक्त अर्ध्या दरातला! कारणं दोन दिली गेली. एकटे गेलेले हरवतात, त्यांना शोधणं अवघड आणि खर्चाचं होतं. आणि स्थानिकांना रोजगार मिळावा.

पण परक्यासोबत आपला माणूस देण्याची रीत नेपाळला नवी नाही. १८१६च्या सुगौली तहानंतर काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट आला, पण खोऱ्याबाहेर मनमोकळं हिंडायची त्याला मुभा नव्हती. ब्रायन हॉजसन तिथे वीसेक वर्षं राहिला. नेपाळच्या पक्ष्यांचा आणि प्राण्यांचा एवढा मोठा अभ्यासक, पण दूरच्या रानातले नमुने त्याला स्थानिक शिकाऱ्यांकडून आणवून घ्यावे लागत. पुढे १८४८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याला जंग बहादुरांनी पूर्व नेपाळात फिरायची परवानगी दिली, ती सोबत गुरखा शिपाई देऊन. आता हा पहारा हूकरच्या रक्षणासाठी होता, की हूकरवर नजर ठेवण्यासाठी? आम्हाला वाटतं, दोन्हींसाठी होता.

राणांची राजवट १९५१ साली संपली आणि दारं उघडली. १९६४ साली जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्याने 'माउंटन ट्रॅव्हल' ही संस्था काढली. तंबू, स्वयंपाकी, भारवाहक, पुढे चालणारा सरदार असा सगळा लवाजमा. (शेर्पा हे एका समाजाचं नाव आहे, हुद्द्याचं नव्हे, हे आपल्याकडे अजूनही सांगावं लागतं.) गाईड तेव्हा सोय होती, सक्ती नव्हती. मग वाटेवर गावोगावी लॉज झाले, तंबूची आणि स्वयंपाक्याची गरज उरली नाही, पाठीवर पिशवी टाकून माणूस एकटा निघू लागला. ज्याची गरज कमी झाली त्याचीच पुढे सक्ती झाली, हे ध्यानात घ्या. टांझानियाने किलिमांजारोवर हे १९९१ सालीच केलं होतं.

आता सुरक्षेचं कारण तपासू. जॉन स्टुअर्ट मिलने पुलाचं एक उदाहरण दिलं आहे. पूल धोक्याचा आहे हे माहीत नसलेल्या माणसाला थांबवून ते सांगावं. धोका निश्चित नसून केवळ संभाव्य असेल तर तो पत्करायचा की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. ऑक्टोबर २०१४ मध्ये अन्नपूर्णेच्या थोरोंग ला परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यात परदेशी होते, नेपाळी गाईड आणि भारवाहकही होते. त्यानंतर गाईडसक्तीच्या मागणीने जोर धरला. पण ते वादळ म्हणजे दोन दिवस आधी विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुदचाच अवशेष! कमी पडला तो वाटाड्या नव्हे, कमी पडला तो वर वेळेवर पोचणारा इशारा.

मिलला एक उत्तर मात्र द्यावंच लागेल. हरवलेल्याच्या शोधात जो गावकरी बर्फात उतरतो, त्याचाही जीव पणाला लागतो. तेव्हा हा प्रश्न एकट्याच्या मर्जीचा राहत नाही. पण मग नेपाळी ट्रेकर हरवत नाही का? त्याला ही सक्ती का नाही? इथे सुरक्षेची बाजू लंगडी पडते आणि रोजगाराचं कारण उघडं होतं. आम्हाला त्यात काही लाजिरवाणं दिसत नाही. डोंगर ज्यांचा, त्यांच्या चुलीला त्यातून काही मिळावं हे रास्तच आहे. ते काळजीच्या कागदात गुंडाळायचं कशाला?

गंमत म्हणजे खुद्द एव्हरेस्टच्या पायथ्याशी हा नियम चालला नाही. खुंबू पासांग ल्हामू गाउँपालिकेने टिम्सऐवजी स्वतःचं शुल्क लावलं आणि गाईडसक्ती मनावर घेतली नाही. त्यामुळे लुक्लाला उतरलेला परदेशी पालिकेची पावती घेऊन, सगरमाथा उद्यानाचं तिकीट काढून, एकटाच नामचेची वाट धरतो.