परवलीचा शब्द

पासवर्डला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे : परवलीचा शब्द. आमच्या लहानपणी तो ऐतिहासिक कादंबऱ्यांत भेटायचा. गडाचा दरवाजा, काळोख, पहारेकऱ्याने दरडावून विचारलेलं ‘कोण आहे?’ आणि पलीकडून दबक्या आवाजात आलेला एकच शब्द... पुढे ‘संकेतशब्द’ वगैरे घडवले गेले. तेही बरे आहेत, पण त्यांत पहारा नाही.

आमच्या गोतावळ्यातली मंडळी हल्ली मला पासवर्डबद्दल विचारू लागली आहेत. किती अक्षरी ठेवावा, किती दिवसांनी बदलावा, वहीत लिहिला तर चालेल का? उत्तरं शोधता शोधता मी मागे मागे गेलो आणि थेट रोमन छावणीत पोचलो. इतिहास शिकवण्याची सवय, दुसरं काय!

पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. रोमन सैन्यात रात्रीचा परवलीचा शब्द कसा फिरवत, हे त्याने तपशिलात लिहून ठेवलं आहे. संध्याकाळी अधिकारी शब्द लिहिलेल्या लाकडी पाट्या देई. त्या छावणीच्या टोकाच्या तुकडीपासून एकेका तुकडीतून हातोहात पुढे सरकत आणि अंधार पडण्याआधी अधिकाऱ्याकडे परत येत. एखादी पाटी आली नाही, तर तिच्यावरच्या खुणेवरून ती कुठे अडकली हे लगेच कळे आणि त्या माणसाची धडगत नसे. शब्द गुप्त ठेवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कुणाकुणाच्या हातून गेला याचा हिशेब ठेवणंही महत्त्वाचं, हे त्या लोकांना उमगलं होतं.

बायबलच्या जुन्या करारात आणखी वेगळी गोष्ट आहे. जॉर्डन नदीच्या उतारावर गिलादचे लोक येणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. एफ्राइमच्या माणसाला ‘श’ म्हणता येत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि मारला जाई. असे बेचाळीस हजार मारले गेले, असं तिथे लिहिलं आहे. इथे शब्द गुप्त नव्हताच, तो जिभेवर होता. (आपल्याकडे कुणी ‘ळ’ची अशी परीक्षा ठेवली असती तर काय झालं असतं, हा विचार वर्गात बसून अनेकदा मनात आला आहे!)

संगणकावर पासवर्ड आला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत एमआयटीमध्ये. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था करून दाखवली. यंत्र एक आणि माणसं अनेक, म्हणजे बिऱ्हाडं वाढलेल्या वाड्यासारखं झालं. प्रत्येकाचं कपाट वेगळं, तर कुलूपही वेगळं हवं. ते कुलूप म्हणजे पासवर्ड.

ते पहिल्यांदा कुणी उघडलं? आतल्याच माणसाने! ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत आणि ते त्याला पुरत नसत. फाइल छापून हवी असेल तर पंचकार्डावर तिचं नाव लिहून द्यायचं, अशी तिथे सोय होती. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री त्याने चक्क पासवर्डांच्या फाइलचंच नाव लिहून दिलं. शनिवारी पहाटे सगळ्यांचे पासवर्ड छापून तयार. पुढे १९६६च्या सुमारास तिथेच आणखी मजा झाली. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कुणी संगणक सुरू करी त्याला रोजच्या सूचनेच्या जागी साऱ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

दोन्ही वेळा दोष पासवर्डांचा नव्हता, ते एका जागी उघडे लिहून ठेवण्याचा होता. त्यावरचा उपाय केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात दिला. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही, त्याचं दळण ठेवायचं. पिठापासून पुन्हा गहू होत नाहीत. तुम्ही पासवर्ड टाकलात की संगणक तो नव्याने दळतो आणि पीठ जुन्या पिठाशी जुळतं का, एवढंच पाहतो. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरच्या आपल्या लेखात दळताना प्रत्येकाच्या पासवर्डात एक वेगळी चिमूट टाकण्याची पद्धत मांडली, म्हणजे दोघांचे पासवर्ड एकच असले तरी पीठ वेगळं दिसतं. त्या चिमटीला त्यांनी नाव दिलं ‘मीठ’. मला हे नाव फार आवडलं.

त्याच लेखात त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले आहेत. १५ जणांचा पासवर्ड एकाच अक्षराचा, ७२ जणांचा दोन अक्षरांचा. एकूण २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज सापडणारे निघाले. खुद्द थॉम्प्सन यांचा पासवर्ड मात्र २०१९ पर्यंत टिकला. जुन्या फायलींतलं त्याचं पीठ लोकांना मिळालं होतं, पण गहू सापडेना. शेवटी एका आधुनिक यंत्राला चारएक दिवस राबवल्यावर तो निघाला : पी, तिरकी रेघ, क्यू दोन, आडवी रेघ, क्यू चार आणि उद्गारचिन्ह. बुद्धिबळात वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकण्याची खेळी! पाठ करावा लागू नये आणि दुसऱ्याला सुचूही नये, असा पासवर्ड.

आता नियमांकडे येतो. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी बदल. या छळामागे २००३ साली अमेरिकेच्या मानकसंस्थेत बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेचा मोठा वाटा आहे. लोकांचे खरे पासवर्ड त्यांना अभ्यासायला मिळाले नव्हते. निवृत्तीनंतर २०१७ साली त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं त्यांनी सांगितलं आणि त्याच वर्षी संस्थेने नियम फिरवले. चिन्हांची सक्ती नको, कारणावाचून बदल नको, लांबी वाढवा आणि चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या यादीतला शब्द स्वीकारू नका. अशा याद्या कमी नाहीत. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, सगळे न दळलेले! त्यात पहिला नंबर होता १२३४५६ चा.

पाढे पाठ न होणाऱ्या मुलाला ओरडणं सोपं असतं. पण सगळा वर्गच नापास होत असेल तर परीक्षा तपासावी लागते. इथे ती तपासायला चौदा वर्षं लागली आणि तोवर बोलणी खाल्ली ती विसराळू माणसांनी.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. ते मनाने निवडू नका, फाशांनी निवडा. १९९५ साली आलेल्या डाइसवेअर पद्धतीत ७,७७६ शब्दांच्या यादीतून पाच फाशांच्या दानाने एकेक शब्द घेतात. असे चार शब्द आठ वेड्यावाकड्या लहान इंग्रजी अक्षरांपेक्षा साडेसतरा हजार पट अवघड पडतात, आणि लक्षात राहतात. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको. बँकेचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नको, कारण रॉकयूसारख्या ठिकाणाहून चोरलेला शब्द चोर सगळ्या दारांना लावून पाहतात. मोबाइलवर येणारा आकडा कुणालाही सांगू नका, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालासुद्धा. ऑनलाइन कार्डव्यवहारांना अशी दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीची केली, ती उगाच नव्हे.

आणि वहीत लिहिलं तर? जरूर लिहा, वही कुलपात ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा. ब्रूस श्नायर या सुरक्षातज्ज्ञाने २००५ सालीच सांगितलं होतं की अवघड पासवर्ड लिहून पाकिटात जपा, पाकीट सांभाळायची सवय सगळ्यांनाच असते. ज्यांना जमेल त्यांनी पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरावं, ते उत्तमच. खुद्द कोर्बाटो २०१९ मध्ये वारले. त्याआधी पाच वर्षं त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की त्यांचे स्वतःचे दीडशेच्या आसपास पासवर्ड झाले होते, आणि ते त्यांनी तीन पानांवर टाइप करून ठेवले होते.