दीप्तिकालिता
दिवस-रात्रीच्या लांबीनुसार वनस्पतींना फुले येण्याची घटना. तिचा पहिला ठोस धागा भांगेच्या रोपांत सापडला. झ्यूल्यें तूर्न्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 च्या सुमारास पॅरिसमध्ये भांग व हॉप यांना रोज थोडाच वेळ उजेड दिला. रोपे लहान असतानाच फुलली. याचे कारण दिवस आखूड होणे नसून रात्र लांबणे असावे, हे त्याचे अनुमान काळाच्या फार पुढचे होते. पुढे अमेरिकेत गार्नर व ॲलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनच्या कुंड्या उन्हाळ्यात रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि 1920 मध्ये फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते हा नियम मांडला.

उजेड आहे की अंधार, हे पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य ओळखते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ तांबडा प्रकाश पडला तरी भांगेसारख्या, लांब रात्रीत फुलणाऱ्या झाडांचे फुलणे अडते. म्हणूनच कॅलिफोर्नियातील भांग उत्पादक भर उन्हाळ्यात मांडवावर संध्याकाळी काळे प्लॅस्टिक ओढून सुमारे 12 तासांचा अंधार करतात. फटीतून उजेड शिरला तर सारी मेहनत वाया जाते. शरदाची वाट न पाहता पीक हाती येते. स्वयंफुलणाऱ्या जातींना मात्र याची गरज नसते.

महाराष्ट्रात हेच तत्त्व शेवंतीला लागू पडते. हरितगृहात रात्री दिवे लावून कळ्या येणे लांबवतात, काळ्या कापडाने अंधार करून त्या लवकर आणतात.