कौशल्य दिलं, पण यंत्रावर हात कोणाचा?

आपल्या शिरपूर जैनची ओळख जगाला अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे आहे. पण इथल्या भूमिहीनाची आणि दोन-तीन एकरवाल्याची ओळख काय? सोयाबीनच्या हंगामात मजुरी आणि हंगाम सरला की पुण्या-मुंबईची गाडी. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला. २०१८ मध्ये तो नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत बसला. तरी ही गाडी भरूनच जाते.

या दुखण्याचं निदान बाबासाहेबांनी १९१८ सालीच केलं होतं. भारतातील लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी दाखवलं, की खरा रोग जमिनीचे तुकडे हा नाही. शेतीवर पोसली जाणारी जादा माणसं हा आहे. उपाय एकच, औद्योगिकीकरण. म्हणजे शेतीतल्या जादा हातांना कारखान्यात काम.

पण कारखाना आला म्हणजे जात गेली का? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास तपासा. सर्वात जास्त पगार विणाई खात्यात, आणि तिथेच अस्पृश्य कामगाराला बंदी! कारण, नव्या कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी बाबासाहेबांनी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती मोठ्या नाखुशीने यादीत घेतली. कसब शिकण्याची कुवत आपल्यात होती. साच्यापर्यंत जाण्याची वाट बंद होती.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. बेव्हिन योजनेखाली भारतीय कामगार इंग्लंडच्या कारखान्यांत शिकायला जात होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ पासून सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितलं, की सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या. वर्गातलं शिक्षण पुरेसं नाही, यंत्रापाशी जागा हवी, हे त्यांना गिरण्यांनी शिकवलं होतं.

हाच धागा पुढे कायद्यात आला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?

आज सरकार उद्योगांना उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन अनुदान देतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पैसा वाईट नाही. पण विद्यावेतन संपल्यावर हातात काय राहतं? प्रमाणपत्र की नोकरी? अनुदान जनतेच्या पैशातून जातं, मग त्या कारखान्यात आपली पोरं यंत्रावर आहेत की झाडलोटीवर, हे विचारण्याचा हक्क जनतेला नाही का?

म्हणून जयंतीच्या मिरवणुकीइतकीच मेहनत एका अर्जावर घ्या. जिल्ह्यात शिकाऊ उमेदवारांच्या राखीव जागा किती, भरल्या किती, पुढे कायम झाले किती, हे माहितीच्या अधिकारात मागा. बाबासाहेबांनी जागा मागितली होती, भीक नव्हे.

जय भीम!