अलीगडचा किल्ला आणि तीन राजीनामे

आग्र्याच्या या पोस्टिंगमध्ये अलीगडला जायचं म्हणत होतो, ते मागच्या रविवारी जमलं. आपल्याकडे कुलुपांचं शहर म्हणून ठाऊक असलेलं हे अलीगड एकेकाळी शिंद्यांच्या कवायती फौजेचं मुख्य ठाणं होतं. किल्ल्यात आता झाडं आहेत, खंदक आहे आणि शांतता आहे. जाताना खिशातल्या फोनवर माझ्या एनडीएच्या कोर्समेटचा मेसेज होता. तो चार वर्षांपूर्वी बाहेर पडला. त्याच्या कंपनीत माझ्यासाठी जागा आहे, महिनाअखेर उत्तर हवंय.

ही फौज उभी केली ती बेन्वा डी बॉयनने. सॅव्हॉयमधला हा माणूस आधी कंपनी सरकारच्या मद्रासच्या पलटणीत होता. तिथे बढतीत डावललं गेलं असं वाटून त्याने नोकरी सोडली आणि १७८४ मध्ये महादजींकडे आला. पुढे १७८८ मध्ये आग्र्याजवळ विजय मिळाल्यावर त्याने फौज वाढवायचा आग्रह धरला. महादजी लगेच तयार होईनात, तेव्हा हा लखनौला जाऊन व्यापार करू लागला! दीड-दोन वर्षांत महादजींनी परत बोलावलं. आला, पण अटी घालून: पूर्ण ब्रिगेड हवी आणि शिपायांचा पगार वेळेवर निघावा म्हणून दोआबातला मुलूख तोडून हवा. आमच्यातले किती जण राजीनामा परत घेताना हाताखालच्यांचा पगार मागतील, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला. मग १७९० मध्ये पाटण आणि मेडता ही दोन मैदानं या फौजेने मारली.

महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला गेले. डी बॉयनची तब्येत ढासळली होती. १७९५ च्या अखेरीस त्याने दौलतरावांचा निरोप घेतला. वय ४४, म्हणजे जवळपास माझंच. तोही काही संत नव्हता. जाताना स्वतःच्या खाजगी घोडदळाचा सौदा कंपनी सरकारशी करून गेला. पण निघाला तेव्हा युद्ध चालू नव्हतं. पलटणी धड होत्या आणि त्या सांभाळायला माणूस होता.

तो माणूस पेरॉन. त्याचीही बाजू आहे, ती सांगितलीच पाहिजे. १८०३ मध्ये त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांना आणायचं घाटत होतं, हे त्याला कळलं होतं. म्हणजे खुर्ची जाणारच होती. त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला: शिंद्यांची चाकरी सोडून या, पोटापाण्याचं आम्ही बघतो. इंग्रज आणि अँग्लो-इंडियन अधिकारी त्या सुमारास बाहेर पडले. काहींना तर पेरॉननेच काढून टाकलं होतं. २९ ऑगस्टला लेक अलीगडसमोर आला, आणि पेरॉन किल्ल्यातल्या फ्रेंच अधिकाऱ्याला लढण्याचं आवाहन करून स्वतः निघून गेला. आठवड्याभरात त्याने लेककडून सुरक्षित वाट मागून घेतली.

४ सप्टेंबरला पहाटे किल्ल्यावर हल्ला झाला. इंग्रजांच्या तुकडीला दरवाज्यांची वाट दाखवणारा लुकन नावाचा अधिकारी नुकताच शिंद्यांची नोकरी सोडून आलेला होता. ज्या दरवाज्यातून काल सलाम घेत आत जायचो, त्यातून आज शत्रूला घेऊन जायचं. मी त्या दरवाज्यापाशी बराच वेळ उभा होतो. जेम्स स्किनरही त्याच दिवसांत कंपनीकडे गेला, पण शिंद्यांविरुद्ध लढणार नाही अशी अट घालून. एकाच महिन्यात, एकाच फौजेतून, एकाच मालकाकडे गेलेली ही दोन माणसं.

शिपायांना मात्र कुठला जाहीरनामा आणि कुठली सुरक्षित वाट. दिल्लीच्या लढाईनंतर बोर्किनही शरण गेला. १ नोव्हेंबरला अलवरकडच्या लासवारीला त्याच पलटणी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे बहुतेक युरोपीय अधिकारी निघून गेलेले होते. तरी गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. ७२ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, आणि त्या शिपायांसारखं लढणारं कोणी आपण पाहिलं नाही, अशा आशयाचं लेकनेच वेलस्लीला कळवलं. त्या शिपायांची नावं मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाहीत.

माझा राजीनाम्याचा अर्ज घरी टेबलाच्या खणात आहे. वीस वर्षं झाली, पेन्शनची चिंता नाही, मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. बायको म्हणते, आता पुरे. तिचं खोटं नाही. पण युनिट थोड्याच दिवसांत वर जाणार आहे आणि त्यातली निम्मी पोरं नवी आहेत.

परतीच्या वाटेवर हाथरसला चहाला थांबलो, तिथून कोर्समेटला फोन लावला. म्हटलं, ही बारी संपली की येतो, दीड-दोन वर्षं लागतील.

"तोवर जागा राहणार नाही रे," तो म्हणाला. मग म्हणाला, "वर गरम मोजे जास्तीचे ने."