शब्दाला पैसा

घरातले इंटरनेट पुरत नाही, रोजचा डेटा दुपारीच संपतो, अशी तक्रार आज आपल्या जिल्ह्यात कोठेही ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण अरुंद वाटेने पुष्कळ माल नेण्याची ही अडचण आजची नव्हे. 1855 साली हिंदुस्थानात तार सर्वांना खुली झाली, तेव्हा 400 मैलांपर्यंत 16 शब्दांना एक रुपया पडे, आणि पत्त्याचे शब्दही त्यातच मोजले जात. रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई!

पारनेर-अकोल्याकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांना शब्द कापण्याची विद्या कोणी शिकविली नव्हती. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ या चार शब्दांत आजार, निरोप, हुकूम आणि रजेच्या अर्जाला जोडावयाचा पुरावा, सगळे बसे. शुभेच्छांना तर तारखात्याने आकडेच ठरवून दिले होते. तारेतून आकडा जाई आणि पलीकडे अख्खे वाक्य उमटे.

मोर्सच्या लिपीतही हाच हिशेब. इंग्रजीत फार येणाऱ्या ‘ई’ला एक टिंब, क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला चार खुणा. 1952 मध्ये डेव्हिड हफमन यांनी या हिशेबाला गणिताची चोख रीत दिली. 1992 च्या जेपेग चित्रांत तीच वापरली गेली. न दाबलेले एचडी चलचित्र सेकंदाला सुमारे 155 मेगाबाइट खाते. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्याचा वाटा दहा सेकंदांत आटोपला असता. दाबल्यामुळेच तो तासभर व्याख्यान पाहू शकतो.

मात्र शब्द आखडले म्हणून तारमास्तरांचे श्रम आखडले नाहीत. 1908 साली कलकत्ता, मुंबई, मद्रास, रंगून येथील तारमास्तरांनी संप केला, तो कामाच्या पाळ्या आणि तास यांवरूनच. आपल्या पुस्तकांत हा संप क्वचितच सापडतो. मला त्याचे नवल वाटत नाही.

दाबण्यात काही गळतेही. ‘सीरियस’ म्हणजे आई आजारी की गेली, हे घरी पोहोचल्यावरच कळे. 2013 च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली. त्याच वर्षी डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून निघालेल्या नकलांत 6 च्या जागी 8 आढळले. सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवावयाचे, या काटकसरीचा तो परिणाम. म्हणून विडी कामगार भगिनींना मी सांगतो, की गाणी-सिनेमे खुशाल दाबलेले पाहा. हजेरीपटाचा फोटो मात्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ आकारातच धाडा, आणि कागद घरी जपून ठेवा.